एका इंजेक्शनात उदासी जाते का? केटामाइनबद्दल समजून घेऊ या

 

आज आपण एका औषधाविषयी बोलणार आहोत. त्याचं नाव केटामाइन. नाव नवीन वाटेल, पण औषध आपल्या गावांना नवीन नाही. कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणाच्या पोराचा मोडलेला हात दवाखान्यात बसवलाय, त्यांच्यापैकी कित्येकांना भूल देताना हेच औषध दिलं गेलं असेल. बिबट्या गावात शिरतो, वनखात्याची माणसं बंदुकीतून सुई मारून त्याला गुंगी आणतात, पिंजऱ्यात घालून नेतात. त्या सुईतसुद्धा पुष्कळदा केटामाइनच असतं, दुसऱ्या एका औषधात मिसळलेलं.

मग या भुलेच्या औषधाचा आणि मनाच्या आजाराचा संबंध काय? हा प्रश्न हल्ली गटांच्या बैठकांतून आमच्याकडे येतो. मोबाईलवर व्हिडिओ फिरतात, 'डिप्रेशन एका तासात गायब' म्हणून. एका ताईंनी विचारलं, "माझ्या जावेला दोन वर्षं उदासीचा आजार आहे. घरचे म्हणतात, दागिने गहाण ठेवू पण शहरात नेऊन ते इंजेक्शन देऊ. चालू गोळ्या तर त्यांनी आत्तापासूनच बंद केल्यात. हे बरोबर आहे का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो, मग सविस्तर बोलू. औषध खरं आहे आणि त्याचा गुणही खरा आहे. पण ते सगळ्यांसाठी नाही, उपचाराची सुरुवात त्याने करायची नसते, आणि ते एकटं पुरत नाही. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करणं तर धोक्याचंच. असं का म्हणतोय, ते आता बघू. आम्ही डॉक्टर नाही. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, एवढं तरी आपल्याला कळलं पाहिजे.

भुलेचं औषध आलं कुठून?

ही गोष्ट अमेरिकेतली. मिशिगन राज्यात डेट्रॉइट नावाचं शहर आहे. तिथल्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीसाठी काम करणाऱ्या केल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने १९६२ साली केटामाइन तयार केलं. त्याच्या आधीचं एक भुलेचं औषध होतं, पण त्यातून जागं होताना माणसं फार भ्रमिष्टासारखी वागत. तसं होणार नाही, असं औषध त्यांना हवं होतं.

१९६४ साली डॉ. एडवर्ड डोमिनो आणि डॉ. गुंटर कोर्सन यांनी ते पहिल्यांदा माणसांना दिलं. ही माणसं होती जॅक्सन इथल्या तुरुंगातले कैदी. ते आपणहून तयार झाले होते, असं म्हटलं जातं. पण तुरुंगातल्या माणसाला 'नाही' म्हणायची मोकळीक किती असते, हे आपण ओळखू शकतो. आता असे प्रयोग करायचे नियम पुष्कळ कडक झालेत.

त्या कैद्यांनी सांगितलं, की आपण आपल्या शरीरापासून सुटून कुठेतरी तरंगतोय असं वाटलं. डोळे उघडे, श्वास चालू, पण दुखणं जाणवत नाही. या अवस्थेला काय म्हणावं ते डॉक्टरांना सुचेना. डोमिनोंच्या पत्नीने 'तुटलेपणाची भूल' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द सुचवला, आणि तोच पुढे जगभर रूढ झाला.

१९७० साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. व्हिएतनामच्या लढाईत जखमी सैनिकांसाठी ते वापरलं गेलं. १९८५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याचं कारण आपल्यासारख्या गावांत आहे. भुलेच्या इतर बऱ्याच औषधांनी श्वास मंदावतो आणि रक्तदाब उतरतो. केटामाइनने तसं सहसा होत नाही. जिथे मोठी यंत्रं नाहीत, वीज जाते-येते, तिथेही ऑपरेशन करता येतं. २०१५ च्या सुमारास चीनने मागणी केली, की नशेसाठी गैरवापर होतो म्हणून या औषधावर जगभर कडक बंधनं घाला. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने विरोध केला. गरीब देशांतल्या बायांची सिझर आणि अपघातातल्या माणसांची ऑपरेशनं अडतील, हे त्यामागचं मोठं कारण होतं.

मनाच्या आजाराकडे ते कसं वळलं?

आधी नैराश्य म्हणजे काय, ते पक्कं करू. एखाद्या दिवशी वाईट वाटणं म्हणजे नैराश्य नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस रोजच मन उदास असतं. कशात जीव रमत नाही. झोप उडते, नाहीतर दिवसभर उठवत नाही. जेवण जात नाही. चूल पेटवायचंसुद्धा ओझं वाटतं. आपण घरावर भार आहोत, मेलेलं बरं, असे विचार येतात. हा आळस नाही, करणी नाही आणि कुणाची नजरही नाही. तो आजार आहे.

या आजारावरच्या गोळ्या १९५० च्या दशकापासून मिळतात. त्या बऱ्याच जणांना गुण देतात, पण सावकाश. फरक जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात. आणि साधारण तीनांतल्या एका रुग्णाला दोन वेगवेगळी औषधं नीट घेऊनही पुरेसा आराम पडत नाही. जिच्या मनात रोज मरणाचे विचार येतात, तिच्यासाठी सहा आठवडे म्हणजे फार मोठा काळ.

२००० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एक छोटा अभ्यास छापला. नैराश्याच्या सात रुग्णांना एकदा नुसतं सलाईन आणि एकदा थोड्या प्रमाणात केटामाइन, असं दोन वेगळ्या दिवशी दिलं. केटामाइन दिल्यावर तीन दिवसांच्या आत त्यांची उदासी कमी झाली. नुसत्या सलाईनने तसं झालं नाही.

सातच जण म्हणून लोकांनी फारसं लक्ष दिलं नाही. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. कार्लोस झराटे यांच्या गटाने पुन्हा तपासून बघितलं. आधीच्या औषधांनी गुण न आलेल्या १७ जणांना केटामाइन दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या १२ जणांना चांगला फरक पडला होता. जे काम व्हायला गोळ्यांना महिना लागतो, ते एका दिवसात झालं. व्हिडिओंमध्ये जे सांगतात त्याचं मूळ इथे आहे.

पण व्हिडिओत पुढचा अर्धा भाग सांगत नाहीत. एकदा दिलेल्या त्या औषधाचा गुण आठवडाभर टिकला, तो सहाच जणांत. बाकीच्यांचा आराम त्याआधीच ओसरला. आज तुम्हाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा: केटामाइनचा गुण लवकर येतो, तसा तो लवकर ओसरूही शकतो.

मेंदूत नेमकं काय होतं?

आपल्या मेंदूत कोट्यवधी पेशी आहेत आणि त्या एकमेकींना निरोप देतात. निरोप नेणारी वेगवेगळी रसायनं असतात. जुन्या गोळ्या त्यांतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांवर काम करतात. केटामाइन ग्लुटामेट नावाच्या दुसऱ्याच रसायनाच्या वाटेवर काम करतं. ग्लुटामेटचा निरोप घ्यायला पेशीवर जी दारं असतात, त्यांतली काही दारं ते थोडा वेळ अडवतं.

फार दिवस ताणात राहिलं की पेशी-पेशींमधली जोडणी विरळ होते. पाटात गाळ साचला, गवत माजलं, की शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही, तसं. प्रयोगशाळेत उंदरांना केटामाइन दिल्यावर एका दिवसात नवी जोडणी फुटताना दिसली. माणसाच्या मेंदूत सगळं अगदी तसंच होतं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण ढोबळमानाने असं समजा, की हे औषध पाटातला गाळ काढून देतं. पुढे बारं धरायला माणूस लागतोच. चालू गोळ्या, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोलणं, झोप, घरच्यांची साथ, हे सगळं म्हणजे ते बारं धरणं. ते केलं नाही तर पाट पुन्हा भरतो.

देतात कसं?

भुलेसाठी लागतं त्याहून बरंच कमी औषध घेऊन ते सलाईनमधून साधारण ४० मिनिटांत सावकाश शिरेत सोडतात. त्या वेळी रक्तदाब बघत राहतात. बोटाला चिमटा लावून नाडी आणि ऑक्सिजन मोजतात. एकदा देऊन भागत नाही. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दोनदा, असं दोन-तीन आठवडे देतात आणि मग पुढचं ठरवतात.

औषध चालू असताना अंग हलकं वाटतं. आवाज लांबून येतात, वेळ थांबल्यासारखा वाटतो. काहींना मळमळतं. काहींना भीती वाटते, काहीजणी रडतात किंवा काहीबाही बोलतात. घरच्यांनी याला अंगात आलं समजू नये. तो औषधाचा परिणाम आहे आणि एक-दोन तासांत उतरतो. त्या दिवशी बाईने एकटीने घरी जायचं नाही. रात्रीची झोप होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत गाडी चालवायची नाही, विळा-कोयता धरायचा नाही आणि कडबाकुट्टीजवळ जायचं नाही.

याचाच एक भाऊ आहे, एसकेटामाइन. आपला डावा आणि उजवा हात सारखेच दिसतात पण एकावर एक बसत नाहीत, तसे केटामाइनमध्ये दोन प्रकारचे कण असतात. त्यांतला एक वेगळा काढून नाकात मारायचा फवारा तयार केला. त्याचं कंपनीचं नाव स्प्रावॅटो. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. दोन औषधांनी गुण न आलेल्या नैराश्यासाठी आणि सोबत गोळी चालू ठेवून, अशी ती मान्यता होती. २०२० मध्ये मरणाचे विचार येणाऱ्या गंभीर रुग्णांसाठीही ती मिळाली. पण तिथेही हा फवारा कुणाला घरी नेऊ देत नाहीत. दवाखान्यात बसून घ्यायचा आणि निदान दोन तास देखरेखीखाली थांबायचं, असा नियम आहे.

सलाईनमधून देतात ते साधं केटामाइन मात्र अमेरिकेतही भुलेचं औषध म्हणूनच मान्य आहे. नैराश्यासाठी डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर वापरतात. म्हणून तर कोण देतंय आणि कुठे देतंय, याला इतकं महत्त्व आहे.

गुण किती येतो?

गंभीर नैराश्यावर शॉक देण्याचा उपचार आपल्याला ऐकून माहीत आहे. सिनेमात दाखवतात तसा तो नसतो. भूल देऊनच तो द्यायचा, असा आपल्याकडे कायदा आहे. २०२३ साली अमेरिकेत शॉक आणि केटामाइन यांची तुलना केली. रुग्ण साडेतीनशेहून जास्त होते. तीन आठवड्यांनी केटामाइनवाल्या शंभरातल्या ५५ जणांना गुण आला होता, तर शॉकवाल्या शंभरातल्या ४१ जणांना. शॉकने काही काळ विसरायला होतं, तो त्रास केटामाइनवाल्यांना कमी झाला. पण या अभ्यासात भास किंवा भ्रम होणारे रुग्ण घेतलेले नव्हते. ज्यांनी अन्नपाणी सोडलंय, ज्यांना भास होतात, अशांसाठी शॉक हा आजही मोठा आधार आहे.

आता आकडा उलटा करून बघा. शंभरातल्या ५५ जणांना गुण आला, म्हणजे ४५ जणांना पुरेसा आला नाही. 'शंभर टक्के गुण' असं कुणी सांगत असेल, तर तो खरं बोलत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक वेगळाच अभ्यास आला. नैराश्य असलेल्या ४० जणांचं दुसऱ्याच कारणासाठी ऑपरेशन होणार होतं. ते भुलेत असताना निम्म्यांना केटामाइन दिलं, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय दिलं ते रुग्णाला कळायचा प्रश्नच नव्हता. नंतर दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला. यावरून केटामाइन खोटं ठरत नाही. पण कुणीतरी आपली काळजी घेतंय, आपण बरे होऊ, या विश्वासाचाही त्या गुणात वाटा असतो, एवढं दिसतं. तो वाटा घरी आणि गटात आपणही देऊ शकतो.

बाळंतिणींसाठीही एक आशेची बातमी आहे. गरोदरपणातच थोडी उदासी असलेल्या आयांना बाळंतपण झाल्याबरोबर अगदी थोडं एसकेटामाइन द्यायचं, असा अभ्यास चीनमध्ये झाला. तो २०२४ मध्ये छापून आला. दीड महिन्याने ज्यांना ते दिलं होतं, त्यांच्यात शंभरांत साधारण ७ जणींना गंभीर नैराश्य होतं. ज्यांना दिलं नव्हतं, त्यांच्यात २५ जणींना. आपल्याकडे हा नेहमीचा उपचार नाही, तेव्हा कुणी मागायला जाऊ नका. पण बाळंतपणानंतरची उदासी हा खरा आजार आहे आणि त्यावर जगभर काम चाललंय, हे सासूबाईंना सांगायला हरकत नाही.

धोके कोणते?

औषध देताना रक्तदाब वाढतो. ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही, ज्यांना मेंदूत रक्तस्राव होऊन गेलाय, त्यांना धोका जास्त. ज्यांना भास होतात, कानात आवाज येतात, त्यांचा आजार बळावू शकतो. पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. एसकेटामाइनचा फवारा अशा बायांना देऊ नये असंच सांगितलेलं आहे.

दुसरा धोका व्यसनाचा. केटामाइनची नशा करणारे लोक जगभर आहेत. वरचेवर आणि जास्त प्रमाणात घेतलं की मूत्राशय खराब होतं. सारखी लघवीला लागते, जळजळ होते, रक्त जातं. कधीकधी ते नुकसान कायमचं होतं.

अमेरिकेतला मॅथ्यू पेरी हा प्रसिद्ध नट २८ ऑक्टोबर २०२३ रोजी घरच्या गरम पाण्याच्या हौदात मेलेला सापडला. नैराश्यासाठी तो दवाखान्यात केटामाइन घेत होता. पण त्याच्या रक्तात सापडलेलं केटामाइन दवाखान्यातलं नव्हतं. तिथला शेवटचा डोस होऊन आठवड्याहून जास्त दिवस झाले होते. बाहेरून आणलेलं औषध घरीच टोचलं जात होतं. त्या प्रकरणात डॉक्टरांवरही खटले झाले आणि त्यांनी गुन्हा कबूल केला. औषध तेच. फरक पडला तो जागेचा, प्रमाणाचा आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा.

आपल्याकडेही कायदा कडक आहे. २०११ पासून केटामाइन अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. २०१३ पासून ते औषधांच्या 'एक्स' यादीत आहे. म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठी दोन प्रतींत लिहायची, त्यातली एक मेडिकलवाल्याने दोन वर्षं जपून ठेवायची. तेव्हा कुणी बाटली हातात देऊन 'घरी टोचून घ्या' म्हणालं, कुरियरने पाठवतो म्हणालं, तर तिथून उठून या.

जावेच्या घरच्यांनी आधी काय करावं?

पहिली गोष्ट, बंद केलेल्या गोळ्यांविषयी लगेच डॉक्टरांना विचारावं. एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असा त्रास होतो आणि आजार उलटू शकतो.

दुसरी गोष्ट, 'गोळ्या लागू पडत नाहीत' हे खरं आहे का, ते तपासावं. आम्ही गावोगाव हेच बघतो. थोडं बरं वाटलं की गोळी बंद, पैसे संपले की गोळी बंद, शेतीची कामं निघाली की गोळी बंद. गोळी रोज घेतली का? पुरेशा प्रमाणात आणि निदान सहा ते आठ आठवडे घेतली का? थायरॉइडची तपासणी झाली का? थायरॉइड कमी असेल तर बाई सुस्त आणि उदास होते, वजन वाढतं, आणि त्यावरची गोळी वेगळी असते. रक्त कमी आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घरात तिला मारहाण होते का? नवऱ्याची दारू आहे का? मार चालू ठेवून मनाचं औषध द्यायचं, म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतायचं. जगातलं कुठलंही इंजेक्शन तिथे पुरं पडणार नाही.

हे सगळं बघून, दोन वेगळी औषधं नीट घेऊनही आराम नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना जरूर विचारा, की हिला केटामाइन किंवा शॉक यांचा उपयोग होईल का. आणि जिथे देतात तिथे हे प्रश्न विचारा:

१. देणारे डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ आहेत का? जवळ भूलतज्ज्ञ आणि ऑक्सिजनची सोय आहे का?

२. किती वेळा द्यावं लागेल, आणि एकूण खर्च किती? एकदाचा खर्च सांगतात तेव्हा सगळ्यांचा मिळून विचारा.

३. तीन-चार वेळा देऊन गुण आला नाही, तर पुढे काय करणार?

४. गुण आला, तर तो टिकवायला कुठल्या गोळ्या आणि कुणाशी बोलणं चालू ठेवायचं?

५. रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण, आधीची औषधं आणि व्यसन यांची चौकशी तुम्ही केली का?

उत्तरं नीट मिळाली, तर विचार करा. उत्तर न देता 'आधी पैसे भरा' म्हणाले, तर दागिने घरीच राहू द्या.

पहिली पायरी जवळ आहे

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की आपल्या देशात वीसांतल्या एका मोठ्या माणसाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येतं. आणि त्यांतल्या दहांपैकी आठांहून जास्त जणांना उपचारच मिळत नाहीत. म्हणजे आपल्या बहुतेक मैत्रिणींची अडचण नवं इंजेक्शन न मिळण्याची नाही. साधी, स्वस्त, जुनी गोळीही त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही.

ती मिळायची ठिकाणं आहेत. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. आशाताईंना विचारा, त्या कुठे जायचं ते सांगतील. आणि १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आजच चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही आपल्या बाजूने आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळायला हवेत. उपचार काय आहे ते समजेल अशा भाषेत सांगून घ्यायचा आपल्याला हक्क आहे. आपल्या वतीने बोलणारं माणूस आपण आधीच नेमून ठेवू शकतो, आणि ते नवरा किंवा सासराच असलं पाहिजे असं नाही. ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो माणूस फार मोठ्या ताणात होता असंच कायदा मानतो. पोलीस केस होईल या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

गटाने करायची कामं साधी आहेत. दोन बैठकींना न आलेल्या मैत्रिणीच्या घरी जाऊन या. ती म्हणाली 'आता नको वाटतं', तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट मन मोकळं होतं. ती 'हो' म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, १४४१६ ला तिथूनच फोन लावा आणि तिला दवाखान्यात न्या. फवारणीचं औषध घरात ठेवू नका, कुलपात आणि लांब ठेवा. गोळ्या सुरू झाल्या की पहिले दोन महिने कुणीतरी एकीने रोज संध्याकाळी विचारायचं, "आजची घेतली का गं?" तालुक्याला न्यायला सोबत हवी असेल तर पाळी लावा. गाडीभाडं नसेल तर गटातून उसनं द्या.

केटामाइनवरचं संशोधन पुढे जाईल, कदाचित ते आणखी सोपं आणि स्वस्त होईल. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यापर्यंत ते पोचावं, असं आम्हालाही वाटतं. तोवर ज्या उपचारांनी आज गुण येतो, ते आपल्या मैत्रिणींपर्यंत पोचवू या. पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. तुमचे प्रश्न लिहून किंवा फोनवर बोलून आमच्याकडे पाठवा. जपून राहा, एकमेकींना विचारत राहा. नमस्कार.